हँडीची अँटेना फील्ड स्ट्रेंग्थ मीटरने कशी तपासावी?

सह्यतरंग (धागाकर्ता)

हँडीला (हातातल्या वायरलेस सेटला) नवी अँटेना लावली, लांबचा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) लागला, म्हणजे अँटेना चांगली, असं आपल्याकडे पटकन ठरवलं जातं. पण रिपीटर एफएमवर चालतो, आणि एफएममध्ये सिग्नल एका पातळीच्या वर गेला की आवाज सारखाच स्वच्छ येतो. दोन अँटेनांत १० डीबीचा (डेसिबल), म्हणजे शक्तीत दहापट, फरक असला तरी तो कानाला कळत नाही. सेटच्या पडद्यावरच्या पट्ट्यांचंही तेच. थोड्याशा वाढीत त्या पूर्ण भरतात आणि मग तिथेच राहतात.

एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून सेटकडे किती शक्ती परत येते ते दाखवणारा) तर इथे अजिबात विसंबू नये. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा रोधक) एसडब्ल्यूआर १:१ असतो आणि तो हवेत काही सोडत नाही. रबर डकच्या (सेटसोबत येणारी आखूड रबरी अँटेना) आतल्या बारीक तारेच्या दाट गुंडाळीत शक्तीचा काही भाग उष्णता होऊन जातो, आणि हाच तोटा एसडब्ल्यूआर बरा दाखवतो. अँटेनातून खरोखर किती बाहेर पडलं हे हवेतच, तिथल्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या फील्ड स्ट्रेंग्थ मीटरने मोजावं लागतं.

खालची पद्धत परवानाधारक हॅमसाठी (हौशी रेडिओचालकांसाठी) आहे, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या आपल्या दोन पट्ट्यांपुरती. चाचणीसाठी रिकामी सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट सेट ते सेट) वारंवारता घ्या. १४५.५०० आणि रिपीटरचे इनपुट सोडून द्या. आधी ऐका, मग कॉलसाइन देऊन सुरू करा.

जागा: मोकळं मैदान. गच्ची नको, कारण स्लॅबमधल्या सळया, कठडे, पाण्याच्या टाकीचे पाइप आणि शेजारचा पत्रा हे सगळे सिग्नल परावर्तित करतात. मग अर्धा मीटर सरकलं तरी आकडा बदलतो. मीटर पीव्हीसी पाइपवर किंवा बांबूवर १.५ मीटर उंचीवर बांधा. त्याच्यापासून १० मीटरवर फक्कीने खूण करा आणि सेट धरणाऱ्याने प्रत्येक वेळी त्याच खुणेवर उभं राहायचं. अंतर मोजून झालं की लोखंडी टेप मधे पडू देऊ नका, गुंडाळून बाजूला ठेवा. १० मीटर एवढ्यासाठी की १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.०७ मीटर आहे. जवळजवळ पाच तरंगलांबी दूर गेलं की हाताच्या बारीकसारीक हालचालींनी मीटर नाचत नाही.

शक्ती: लो, म्हणजे १ वॉटच्या आसपास. पीटीटी (बोलण्याचं बटण) एका वेळी तीन-चार सेकंदच दाबायचं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. ती उतरली की शक्ती उतरते आणि शेवटी तपासलेली अँटेना विनाकारण मार खाते.

क्रम: संदर्भ, अ, संदर्भ, ब, संदर्भ. अ आणि ब म्हणजे तपासायच्या अँटेना, संदर्भ म्हणजे ज्या अँटेनाशी त्या ताडायच्या ती. संदर्भ अँटेनाचे आकडे आपापसांत १ डीबीपेक्षा जास्त फिरले तर ती पूर्ण फेरी टाकून द्या. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याशिवायचे आकडे कितीही नेटके दिसले तरी त्यांना अर्थ नाही.

संदर्भ अँटेना घरीच करा. घरच्या वायरिंगमधली १.५ चौरस मिमीची एकेरी तांब्याची तार घ्या, ती बीएनसी प्लगच्या मधल्या पिनेला डाख देऊन जोडा आणि टोकापर्यंत ४९ सेंमी ठेवून कापा. ४३५ साठी वेगळी, १६.४ सेंमीची. तळाला हीटश्रिंक चढवा. तीत गुंडाळी नाही, त्यामुळे तोटा नगण्य. दुकानातली कुठलीही अँटेना या तारेच्या किती डीबी वर किंवा खाली आहे, एवढंच आपल्याला काढायचं आहे.

नवशिका

मीटर विकत घ्यावा की बनवता येईल? जाळ्यावर बघितलेल्या सर्किटमध्ये फक्त अँटेना, एक डायोड आणि मायक्रोअँपिअर मीटर आहे. तसं जोडलं तर काटा हलतच नाही. डायोड १एन४१४८ आहे.

सोल्डरगन

दोन कारणं. एक, १एन४१४८ सिलिकॉन आहे, त्याला वाहायला ०.६ व्होल्ट लागतात. १० मीटरवर एवढं व्होल्टेज मिळत नाही. जर्मेनियमचा १एन३४ए घ्या किंवा शॉटकी बीएटी८५ अथवा १एन५७११ घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ विचारा. ‘जर्मेनियम’ म्हणून हातात आलेला डायोड मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासून घ्या. ०.२ ते ०.३५ च्या आसपास दाखवला तर ठीक, ०.६ दाखवला तर तो सिलिकॉन आहे.

दुसरं कारण जास्त नेमाने घडतं: डीसीला परतायला वाट नाही. हवेत टांगलेल्या तारेतून डायोडकडे एकाच दिशेने प्रवाह जाणार कसा? तारेच्या मुळाशी ग्राउंडला ४७० ओमचा रोधक जोडा. बरेच जण इथे चोक (तारेची गुंडाळी) लावतात. तो १४५ ला चालतो, पण ४३५ ला त्याच्याच वेढ्यांमधली धारिता आडवी येते. रोधकाला ती भीती नाही.

पूर्ण जोडणी अशी: ४९ सेंमीची तार, तिच्या मुळाशी ४७० ओम ग्राउंडला, तिथूनच डायोड. डायोडच्या दुसऱ्या टोकाला १ नॅनोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला. मग १० किलोओमचं पॉट (फिरवून बदलता येणारा रोधक) सिरीजमध्ये आणि शेवटी १०० मायक्रोअँपिअरचा मीटर. जुन्या टेपरेकॉर्डरचा व्हीयू मीटरही चालतो. डायोड आणि कपॅसिटरचे पाय ५ मिमीपेक्षा लांब ठेवू नका. सगळं पत्र्याच्या छोट्या डब्यात बसवा आणि डबा हेच ग्राउंड माना. डब्याच्या खालून तेवढीच ४९ सेंमीची तार सरळ खाली सोडली की उभा डायपोल तयार होतो.

अशा साध्या मीटरला १ वॉटवर १० मीटर कदाचित जड जाईल. तेव्हा अंतर ३ मीटर करा, १०.५ डीबी वाढतील. ३ मीटरवर शरीराचा परिणाम जास्त खरा, पण तुलना होऊ शकते.

कोकणकडा

इथे एक गोष्ट आत्ताच स्पष्ट व्हावी. काटा २० वरून ४० वर गेला तर लोक सरळ ‘दुप्पट’ म्हणतात. दुप्पट काय? शक्ती दुप्पट म्हणजे ३ डीबी, व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डीबी. काट्यावरून यातलं कुठलं हे कळत नाही.

सोल्डरगन

कोकणकडा ताई, अगदी बरोबर, आणि बहुतेक तुलना इथेच फसतात.

डायोडला मिळणारा सिग्नल साधारण उणे २० डीबीएमच्या (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डीबी) खाली असेल तर बाहेर येणारा डीसी शक्तीच्या प्रमाणात असतो. काटा दुप्पट, शक्ती दुप्पट, ३ डीबी. सिग्नल चांगला मोठा असेल तर डीसी व्होल्टेजच्या प्रमाणात येतो. तिथे काटा दुप्पट म्हणजे ६ डीबी. आपलं काम नेमकं या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडतं. हिशेब करून बघा: १ वॉट म्हणजे ३० डीबीएम, दोन्ही बाजूंना डायपोल धरला तर प्रत्येकी २.१५ डीबी, १४५ मेगाहर्ट्झवर १० मीटरचा तोटा ३५.७ डीबी. मीटरच्या अँटेनाला उरतात उणे १.४ डीबीएम, म्हणजे ५० ओमवर जेमतेम ०.१९ व्होल्ट. रबर डक लावला की आणखी कितीतरी खाली. एकाच फेरीत चांगली अँटेना एका नियमाने आणि वाईट अँटेना दुसऱ्या नियमाने मोजली जाते.

यावर उपाय म्हणजे काटा वाचायचाच नाही, तो जागेवर आणायचा. मीटरमधला ४७० ओम काढून तिथे १०० ओमचे दोन रोधक समांतर लावा, म्हणजे ५० ओम झाले. डब्याला बीएनसी बसवा. मीटरची अँटेना आणि मीटर यांच्या मधे ५० ओमचे अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारे) घाला. सेटवरची जी अँटेना सर्वांत कमी दाखवते तिच्यावर पॉट फिरवून काटा मध्यावर आणा आणि काचेवर खूण करा. यापुढे पॉटला हात लावू नका. आता सेटवर दुसरी अँटेना लावून काटा त्याच खुणेवर परत येईपर्यंत अटेन्युएटर वाढवा. जेवढे डीबी घातले तेवढा फरक. काटा प्रत्येक वेळी एकाच जागी असल्यामुळे डायोडचा स्वभाव हिशेबातून बाद होतो.

π (पाय) आकाराचे पॅड, म्हणजे हे अटेन्युएटर, पाव वॉटच्या रोधकांतून होतात. ३ डीबीला दोन्ही बाजूंना ग्राउंडकडे ३०० ओम आणि मधे १८. ६ डीबीला १५० आणि ३९. १० डीबीला १०० आणि ६८. यात थोडी चूक राहते, पण आपल्या कामाला चालते. वायरवाउंड रोधक चुकूनही घेऊ नका, ती कॉइलच असते.

खरखर

हे सगळं करण्यापेक्षा एडी८३०७ चं तयार मॉड्यूल घ्या. तो लॉग डिटेक्टर (सिग्नल सरळ डीबीच्या प्रमाणात दाखवणारा) आहे, ५०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, उणे ७५ ते अधिक १७ डीबीएम घेतो आणि दर डीबीला २५ मिलिव्होल्ट देतो. साधा मल्टिमीटर लावा, दोन आकड्यांची वजाबाकी करा, २५ ने भागा, डीबी मिळाले. वरच्या हिशेबातले उणे १.४ डीबीएम सुमारे २.०६ व्होल्ट दाखवतील. तिथून १० डीबी खाली असलेली अँटेना १.८१ दाखवेल.

पुरवठा ५.५ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर मधे ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) लावा. एडी८३१८ घेतलात तर लक्षात ठेवा, त्याचा उतार उलटा आहे: सिग्नल वाढला की व्होल्टेज कमी होतं.

मल्टिमीटरच्या वायरी स्वतःच अँटेना होतात, ही इथली खरी अडचण. वायर हलवली की आकडा हलला तर हेच समजा. मॉड्यूलच्या बाहेर पडतानाच १ किलोओम सिरीजमध्ये आणि १ नॅनोफॅरड ग्राउंडला लावा, वायरी पिळून घ्या, आणि डब्याजवळ त्यांवर तीन-चार फेराइट मणी चढवा. वायरी आडव्या, सेटच्या विरुद्ध दिशेने न्या.

सह्यतरंग

यात भर: आकडा वाचणारा माणूस मीटरला चिकटून उभा राहिला तर तोच परावर्तक होतो. मीटरसमोर मोबाइल फ्लाइट मोडवर पक्का बांधून व्हिडिओ सुरू ठेवा, सगळे दूर जा, प्रत्येक वेळी अँटेनाचं नाव मोठ्याने सांगा आणि आकडे नंतर उतरवा. मोबाइल धातूचा असला तरी जागचा हलत नाही, त्यामुळे तुलनेला बाधा येत नाही.

नवशिका

पीटीटी दाबण्याआधीच माझा काटा थोडा वर असतो. ठाण्यात आहे, समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे.

खरखर

डायोड मीटर आणि एडी८३०७ दोन्ही सताड उघडे असतात. एफएम रेडिओ, मोबाइल, वायफाय, जे येईल ते मोजतात. पीटीटी न दाबता येणारी पातळी तुमच्या सर्वांत कमकुवत अँटेनाच्या आकड्यापेक्षा निदान १५ डीबी खाली हवी, तरच ती विसरता येते. एडी८३०७ वर हे सरळ दिसतं: ०.३७ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला पाहिजे. पडत नसेल तर जागा बदला. खिशातला मोबाइलही फ्लाइट मोडवर टाका.

कोकणकडा

आता हातांकडे या. मला वाटतं मीटरपेक्षा जास्त गडबड इथे होते.

हँडीवरची अँटेना ही अर्धी अँटेना आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे सेटची चौकट आणि ती धरणारा हात. म्हणून टेबलावर उभ्या ठेवलेल्या सेटचा आकडा आणि हातातल्या सेटचा आकडा एक येत नाही. पकड बदलली, करंगळी तळाशी गेली, दुसरा हात सेटवर आला, तरी फरक पडतो. नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासण्याचं छोटं यंत्र) अँटेना थेट खोचून १४५ ला रेझोनन्स नाही असं म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: तिथे उरलेला अर्धा भाग व्हीएनएचा डबा आणि त्याची यूएसबी वायर आहे, तुमचा सेट नाही.

म्हणून एकाच माणसाने, एकाच हाताने, छातीसमोर शरीरापासून २० सेंमी दूर, अँटेना सरळ उभी, तोंड मीटरकडे. मनगट तिरपं झालं की ध्रुवीकरण बिघडतं. मीटरची अँटेनाही उभीच हवी. कंबरेला लावलेल्या सेटची चाचणी करायची असेल तर ती वेगळी फेरी करा, त्यात छोट्या अँटेनाचाही आकडा फार पडतो, कारण शरीर लगत असतं.

चारी दिशांनी मोजायला विसरू नका. मीटरकडे तोंड, डावी बाजू, पाठ, उजवी बाजू. पाठ केली की शरीराच्या सावलीने बरेच डीबी जातात, ४३५ ला ही सावली जास्त गडद. एखादी अँटेना फक्त तोंड मीटरकडे असताना चांगली आणि बाकी तीन बाजूंनी वाईट येत असेल तर ट्रेकच्या कामाला ती नको.

सोल्डरगन

हाच ‘उरलेला अर्धा’ सुधारायचा स्वस्त मार्ग म्हणजे शेपटी. ४९ सेंमीची लवचिक वायर, एका टोकाला गोल लग. लग अँटेनाच्या कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याखाली, म्हणजे ग्राउंडला, घट्ट बसवा आणि वायर खाली लोंबू द्या. मधल्या पिनेला ती चिकटली तर शॉर्ट होईल, आधी मल्टिमीटरने तपासा. दुसऱ्या टोकाला टेप गुंडाळा.

रबर डकवर शेपटीचा फायदा मोजण्याइतका येतो, संदर्भ तारेवरही येतो. मात्र काही फेऱ्या शेपटीसह आणि काही शेपटीशिवाय अशी सरमिसळ करू नका.

नवशिका

१४५ ची ४९ सेंमीची तार ४३५ लाही चालते असं वाचलं. मग १६.४ सेंमीची वेगळी कशाला? आणि माझ्याकडे ४३५ चे सगळेच आकडे १४५ पेक्षा खूप कमी येतात, सेट खराब आहे का?

सह्यतरंग

सेटला दोष देण्याआधी हिशेब बघा. ४३५ वर १० मीटरचा तोटा ४५.२ डीबी आहे, म्हणजे दोन्ही टोकांना डायपोल असूनही ९.५ डीबी कमीच मिळणार. शिवाय मीटरची अँटेना १६.४ सेंमीच्या दोन तारांची केली आहे ना? नसेल तर आधी ती बदला. दोन पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी ताडायचेच नाहीत. १४५ ची तुलना १४५ च्या संदर्भाशी, ४३५ ची ४३५ च्या संदर्भाशी.

४९ सेंमी ४३५ ला पाऊण तरंगलांबी होते, त्यामुळे जुळते, एसडब्ल्यूआरही बरा येतो. पण तिची मुख्य पाती (सिग्नलचा मुख्य झोत) क्षितिजाऐवजी वर झुकलेली असते. मीटर तुमच्याच उंचीवर असल्यामुळे अशा वेळी १६.४ सेंमीची छोटी तार लांब तारेला मागे टाकू शकते. ‘लांब म्हणजे चांगली’ हे दुहेरी पट्टीच्या अँटेनांना लागू करताना म्हणूनच जपून.

खरखर

आरटीएल-एसडीआरने (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) हेच करायचं असेल तर दोन पथ्यं. ऑटो गेन बंद करून गेन एका आकड्यावर स्थिर ठेवा. आणि इनपुटला ४० ते ६० डीबीचे अटेन्युएटर लावा, कारण उणे १.४ डीबीएम त्याला फार होतं, तो आधीच भरून वाहतो आणि सगळ्या अँटेना सारख्या दाखवतो. ८ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आहे, वाव साधारण ४८ डीबीचाच. १० डीबी काढल्यावर स्पेक्ट्रमवरचं शिखर बरोबर १० डीबी उतरतंय का ते बघा. ६ किंवा ७ उतरत असेल तर अजून अटेन्युएटर हवेत.

फायदा मोठा आहे: फक्त तुमचीच वारंवारता मोजली जाते, टॉवर आणि एफएमचा त्रास जातो. नवशिका, तुमच्या ठाण्याच्या जागेला हाच मार्ग सोयीचा.

कोकणकडा

पावसाळ्यातल्या फेऱ्यांबद्दल: ओली जमीन आणि कोरडी जमीन सिग्नल वेगवेगळा परावर्तित करते. जूनचे आकडे मेच्या आकड्यांशी जोडू नका, संदर्भासह पूर्ण फेरी पुन्हा घ्या. आणि रबर डकचं तळाचं झाकण सैल असेल तर आत ओल शिरून ती चक्क २-३ डीबी खाली बसू शकते. वाळवून पुन्हा मोजली की कळतं.

सोल्डरगन

कनेक्टरबद्दल राहिलं. बाओफेंगच्या यूव्ही-५आरसारख्या सेटवर एसएमए (छोटं आट्यांचं कनेक्टर) मेल असतं, त्याला फिमेल अँटेना लागते. यासू, आयकॉमच्या बहुतेक हँडींवर उलट. त्यात चांगल्या एसएमएचंही आयुष्य ५०० जोडण्यांच्या आसपास धरतात, आणि एका फेरीतच बऱ्याच जोडण्या होतात. म्हणून चाचणीपुरता सेटवर एसएमए ते बीएनसी अ‍ॅडॉप्टर कायम ठेवा आणि अँटेना बीएनसीने बदला. अ‍ॅडॉप्टर हातानेच घट्ट करा, पान्याने नको.

अ‍ॅडॉप्टरची २ ते ३ सेंमी उंची १४५ ला जाणवत नाही. ४३५ ला मात्र १६ सेंमीच्या अँटेनात ती भर मोठी आहे. १६.४ सेंमीची संदर्भ तार अ‍ॅडॉप्टर लावलेला असतानाच ट्रिम करा: १७.५ पासून सुरू करून २-२ मिमी कापत जा, दर वेळी मीटर बघा, आकडा वाढायचा थांबला की थांबा. दुकानातली अँटेना अशी कापता येत नाही, तेव्हा ४३५ साठी ती एकदा अ‍ॅडॉप्टरशिवाय थेट बसवूनही मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. अँटेना एसएमएची असेल तर बीएनसीवर चढवायला आणखी एक अ‍ॅडॉप्टर लागतो, तेव्हा तर हे करायलाच हवं.